दुसरा हात

ऑब्री प्रीसने खिशातला चाकू उघडला
आणि पायथ्याच्या तुळईत टोचला.
मुठीपर्यंत आत गेला.
आवाजसुद्धा नाही,
शिळ्या केकमध्ये जावा तसा.

"हे कोण लावायचं?"
पात्यावर मधाच्या रंगाचे पापुद्रे,
कांद्यासारखे, एकाखाली एक.

एम्रिस, मी म्हटलं.
दर एप्रिलला दोन हात. एकतीस वर्षं.
आधी पश्चिमेची भिंत,
कारण वेल्सकडून निघालेला पाऊस
डोंगर उतरला की पहिला तिलाच गाठतो.
मी शिडी धरायचे.
भेगा दिसल्या की तो सिमेंट भरायचा, बोटाने,
जखमेत मलम भरावं इतक्या हळू.

ऑब्री गप्प राहिला. बरं केलं.

मग चहा पिताना म्हणाला,
ओक भिजतो, त्याचं काही नाही.
त्याला वाळायला मिळालं पाहिजे.
वार्निशला केसाएवढी चीर पडली तरी पाणी आत येतं,
आणि मग त्याला परतीची वाट नसते.
तुमच्या आधी साडेतीनशे वर्षं
हे घर उघड्या अंगानंच उभं होतं, बाई.

मला हसू आलं. यायला नको होतं.
खिडकीत एम्रिस बसला होता,
गुडघ्यांवर घोंगडी, जूनमध्ये.

कुजलेलं कापून काढलं ते तीन ढकलगाड्या भरलं.
नवा तुकडा आला तो ओला, पिवळा,
व्हिनेगरसारखा आंबूस वास.
लांब तिरका सांधा, लाकडाच्याच चार खुंट्या,
ना खिळा, ना डिंक.
एका रात्री माझी कात्री त्यावर राहिली,
सकाळी तिची निळीकाळी सावली उमटलेली.
"लोखंडाशी याचं पटत नाही," ऑब्री म्हणाला,
आणि सावली तशीच ठेवली.

जुन्यासारखा कधी दिसेल?
सहा-सात वर्षांत. आधी करडा, मग रुपेरी.
मी अठ्ठ्याहत्तर आहे. बेरीज केली नाही.

आता करायचं काय, ते त्याने लाकडाच्या चपटीवर लिहून दिलं:
पन्हळीतली पानं काढणे.
आयव्ही वर चढू न देणे.
जोत्याशी माती साठू न देणे.
आणि बाकी?
बाकी काही नाही.
तेही लिहा, मी म्हटलं. त्याने लिहिलं.

एम्रिसला ऑब्री आठवत नाही.
करवतीचा तो सगळा जून आठवत नाही.
एप्रिल आठवतो.

सफरचंदांना कळ्या धरल्या त्या सकाळी
तो शेडमध्ये ब्रश शोधताना सापडला,
कोटाखाली पायजमा.
मी आत येऊन ऑब्रीला फोन लावला, कुजबुजत,
चोरी पकडली गेल्यासारखी.
पलीकडे बराच वेळ कुणाची तरी करवत चालू होती.
मग म्हणाला, "डब्यात पाणी भरून द्या.
पाऊस वेगळं काय करतो?"

डबा जुनाच, वार्निशचाच. नळाखाली भरला.

शिडी नको म्हटलं, तर ऐकलं त्याने.
हात पोचेल तिथपर्यंत, रेषांच्या अंगाने,
डावीकडून उजवीकडे, एक थेंब खाली न सांडता.
लाकूड गडद होत गेलं त्याच्यामागे.
सांध्यापाशी थांबला. तळवा फिरवला.
"हे कुणी बसवलंय?"
मी नाव सांगितलं.
"हात चांगला आहे त्याचा."

मग ब्रश नाकाशी नेला.
हुंगला.
माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
लग्नाआधी एकदा खोटं बोलले होते, तेव्हा पाहिलं होतं तसं.
मी शिडी धरावी तशी दाराची चौकट धरून उभी.

त्याने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला,
कडेवर दोनदा निथळला.

अकरापर्यंत सगळं वाळलं होतं, करडं, जसंच्या तसं.
कात्रीची सावली तेवढी होती.
तो बाकावर बसून बघत होता, हात मांडीवर, ओले.

"दुसरा हात उद्या," म्हणाला.